अण्णांची ओटी : कामाच्या नोंदी

16 ऑक्टोबर 2024, कोजागिरी

कामाची वही आजपासून सुरू करते.

घर कुडाळजवळच्या आमच्या वाडीतलं, चिऱ्याच्या, म्हणजे कापलेल्या जांभ्या दगडाच्या, भिंतींचं आणि मंगलोरी कौलांचं. पुढे खळं, म्हणजे अंगण, खळ्यातून दीड फूट चढलं की पडवी, आणि त्याच पातळीला आत ओटी. मधे फक्त चार खांब. ओटीवर झोपाळा. त्याची फळी फणसाची, आजोबांच्या वेळची.

अण्णा, माझे वडील, 81 वर्षांचे आहेत. जूनमध्ये ते न्हाणीत पडले, खुब्याचा सांधा बदलावा लागला. आता वॉकर घेऊन आतल्या खोलीपासून न्हाणीपर्यंत जातात. ओटीवर मात्र आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं तरच येतात, आणि कुणाला हाक मारायची नाही म्हणून येतच नाहीत. त्याआधी रोज संध्याकाळी पाचला झोपाळा, चहा, आणि रस्त्यावरून जाणारं जे कोणी असेल ते आत. गुरुवारी रात्री भजनी मंडळाचा सराव इथेच व्हायचा, पखवाज अण्णांचा. ते पडल्यावर मंडळाने सराव देवळात नेला. त्यांना त्रास नको म्हणूनच नेला, पण ओटी तेव्हापासून सुनी आहे.

आज दूध आटवून आत त्यांना नेऊन दिलं. पेला हातात धरून त्यांनी विचारलं, "भायर चांदणा पडला काय गो?"

हे त्यांना मला विचारावं लागू नये, एवढ्यासाठी हे काम आहे.

19 ऑक्टोबर

टेप घेऊन वाट मोजली. पलंगापासून झोपाळ्यापर्यंत अंतर फक्त 27 फूट, पण मधे दोन उंबरे आहेत. माजघरातून ओटीवर येण्याच्या दाराचा उंबरा पाच इंच उंच. वॉकरचे चारही पाय उचलून पाच इंचांवर ठेवायचे आणि मग ऑपरेशन झालेला पाय वर घ्यायचा, हे त्यांच्याने होणार नाही. उतार करायचा तर 12 ला 1 हे प्रमाण धरतात, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. पाच इंचांना दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट. माजघरात तेवढी जागाच नाही. उंबरा कापायचा विचार मी केला नाही. आईने चाळीस वर्षं रोज त्यावर हळद-कुंकू वाहिलं आहे.

संध्याकाळी ओटीवर एकटीच बसून राहिले तेव्हा दुसरं दार दिसलं. ओटीच्या दक्षिणेला भाताच्या कणगीची खोली आहे. तिचं दार थेट ओटीवर उघडतं आणि उंबरा दोनच इंचांचा. कणगी आता रिकामीच असते. दोन इंचांना दोन फुटांची उतरती फळी पुरेल. पलंग त्या खोलीत आणला तर झोपाळा 14 फुटांवर येतो.

24 ऑक्टोबर

खळ्यातलं गवत काढलं. पावसाने माती उकरली गेली होती, ती भरून, पाणी मारून, चोपण्याने चोपून घेतली. दोन दिवस लागले. आता सुकली की शेणाचा पहिला हात.

4 नोव्हेंबर

दिवाळीचे दिवस सरले. गवंडी आज आला.

ओटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर वीस वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता. दर पावसाळ्यात त्याला फुगे येतात, पापुद्रे गळतात, आणि जवळ बसलं की ओलसर वास येतो. पाहुणे त्या बाजूला बसायचं टाळतात, हे मी इतकी वर्षं बघत आले, कारण मात्र आज समजलं. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि उघडा असेल तर वाऱ्यावर सोडून देतो. वरून सिमेंटचं कवच घातलं की ओल आत कोंडते, तिच्यासोबत आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साचतात आणि त्याला ढकलून पाडतात. म्हणजे भिंतीत दोष नव्हता, तिच्या अंगावर चढवलेल्या गिलाव्यात होता.

सगळा गिलावा काढला. खाली जांभा जसाच्या तसा आहे, तांबडा, छिद्राछिद्रांचा. खाणीतून काढताना हा दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो आणि उघड्यावर हवा लागून टणक होत जातो. इंग्रजीत त्याला लॅटराइट म्हणतात. बुकानन नावाच्या माणसाने 1807 मध्ये केरळातला असाच दगड पाहून, विटेच्या लॅटिन शब्दावरून ते नाव दिलं. आपल्याकडे मात्र चिरा म्हटलं की घरच डोळ्यांपुढे येतं.

गवंड्याचं म्हणणं, आता नवीन वॉटरप्रूफ गिलावा करू. मी नाही म्हटलं. सांधे चुन्याने भरायचे, दगड उघडा ठेवायचा, पाठ टेकते त्या उंचीपर्यंत फक्त चुन्याचा हात. त्याला पटलं नाही, तरी काम त्याने मन लावून केलं.

9 नोव्हेंबर

पलंग हलवला. हे लिहायला मला जड जातंय.

आतली खोली अण्णांची आणि आईची. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी मापं घेतली, उतार काढला, दार ठरवलं, आणि ज्या माणसासाठी हे सगळं चाललंय त्याला काल रात्री सांगितलं. ते काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. सकाळी म्हणाले, "पलंग नेवा, कपाट थंयच ऱ्हवांदे." आईच्या साड्यांचं कपाट. तिथेच राहिलं आहे. खोलीला कुलूप नाही, दिवाही रोज लागेल.

यापुढे आधी विचारीन आणि मगच टेप काढीन.

13 नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

आज लग्नाला तीस-पस्तीस माणसं आली. मी अक्षता वाटता वाटता कोण कुठे बसतं तेवढंच बघत होते.

भिंतीला लावून मी प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. त्यांवर शेवटपर्यंत कोणी बसलं नाही. पुरुष खांबांना टेकून उभे. म्हाताऱ्या बायका पडवीच्या पायरीवर. मुलं झोपाळ्यावर. अण्णा ओटीच्या कोपऱ्यात खुर्चीत. जो तो येऊन पाया पडला, "बरे असात मां?" म्हणाला, चुरमुरे आणि उसाचं कांडं घेऊन गेला. कोणी दोन मिनिटांवर थांबलं नाही.

थांबले ते एकटेच, अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी कोपऱ्यातला पाट ओढला आणि अण्णांच्या उजव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून बसले. तासभर बोलत होते. अण्णांना डाव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही. डावीकडून बोलणाऱ्याला ते नुसतं हसून मान डोलावतात, आणि समोरच्याला वाटतं, म्हातारा थकला, त्रास देऊ नये.

मी इतके दिवस भिंती आणि उतार मोजत होते. आज कळलं की बैठक त्यांच्या उजव्या कानाभोवती मांडायची आहे. झोपाळ्याच्या उजव्या हाताला, चार फुटांच्या आत, पाठ टेकून बसता येईल अशी जागा हवी. खुर्च्यांची ओळ नको. समोरासमोरही नको, काटकोनात हवी, म्हणजे बोलायला मान वळवली की पुरे, आणि नुसतं खळ्याकडे बघत गप्प बसायचं असेल तर तेही दोघांना जमेल.

20 नोव्हेंबर

आज मतदान. कामाला कोणी नाही. अण्णांना गाडीतून नेऊन आणलं.

28 नोव्हेंबर

मांडव उभा राहिला. पोफळीचे आठ खांब, वर बांबू, त्यावर माडाचे झाप. झावळ्या तळीत भिजत घातल्या होत्या, मग वहिनींनी आणि शेजारच्या काकूंनी बसून विणल्या. हाताचा वेग असा की मी बघतच राहिले. मी विणलेला झाप त्यांनी काही न बोलता सगळ्यात खाली लावला, तिथे तो शोभतोय.

मांडवाने ओटीवरचं ऊनच बदललं. दुपारी खळ्यातून परावर्तित होऊन येणारी जी धग ओटीत शिरायची ती गेली. दुपारनंतर समुद्राकडचा खारा वारा सुटतो, तो आता मांडवाच्या सावलीतून निवून येतो.

12 डिसेंबर

झोपाळ्याचं काम आज पुरं झालं. सगळ्यात अवघड हेच होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी आधी ठरवलं होतं की झोपाळा मुलांना आणि अण्णांना हातांची चांगली खुर्ची. हलत्या फळीवर बसायचं म्हणजे बसताना ती मागे सरकते, आणि तोल गेलेल्या माणसाने सावरायचं कशावर? पण अण्णांना विचारायचं कबूल केलं होतं. विचारलं. ते म्हणाले, "खुर्ची डॉक्टराकडे असता. माका झोपाळ्यार बसाक होया." हा हट्ट नव्हता. त्या जागेवरून त्यांना पाणंद दिसते, देवळाचा कळस दिसतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला ते दिसतात. गावाशी त्यांचा संबंध त्या फळीवरून आहे.

मेस्त्रींना बोलावलं. ते चहा पीत नुसते बघत बसले, मग उठून आधी तुळई ठोकली. ऐनाची आहे, आवाज भरीव आला. "ह्या लाकडाक काय होवचा नाय, ताई." कड्यांचे आकडे मात्र झिजून अर्धे झाले होते. रोज चाळीस-पन्नास वर्षं लोखंडावर लोखंड. वर कोणी कधी बघितलंच नव्हतं. आकडे चारही बदलले. ज्यांच्या घरी जुना झोपाळा आहे त्यांनी शिडी लावून एकदा वर बघावंच.

मग उंची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं की बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. झोपाळा जमिनीपासून 15 इंचांवर होता, त्यांना फार खाली. अण्णांचं पायाच्या तळव्यापासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंतचं माप 17 इंच. म्हणून वरच्या पातळ गादीसकट बैठक 19 इंचांवर घेतली, गादी दबली तरी साडेअठरा राहते. पाय जमिनीला टेकतात आणि उठताना खुब्यावर भार कमी येतो. मुलं आली की कड्यांचा एक-एक दुवा सोडून फळी पुन्हा खाली घेता येते.

आणि हलण्यावर मेस्त्रींनी जे काढलं त्याला तोड नाही. फणसाच्याच दोन बुटक्या घोड्या केल्या. फळीच्या दोन टोकांना खालून सरकवायच्या, घोडीच्या खाचेत फळी बसते, वरून लाकडी खिट्टी मारायची. झोपाळा मग बाकासारखा पक्का होतो. खिट्टी काढली, घोड्या बाजूला केल्या की झोपाळा मोकळा. घोड्या लागलेल्या असताना कड्या ढिल्या पडतात, त्यांना धरून उठणं धोक्याचं, म्हणून शेजारच्या खांबावर उभी दांडी ठोकली, हाताच्या मुठीत मावेल इतकी जाड. कणगीच्या खोलीपासून झोपाळ्यापर्यंत भिंतीलाही आडवी दांडी आहे, पावणेतीन फूट उंचीवर.

फळीला काजूच्या टरफलांचं तेल लावलं, वाळवी फिरकत नाही. ते तेल कातडीवर पडलं तर भाजतं, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. ते पुरतं सुकून मुरल्याशिवाय फळीवर कोणाला बसू देणार नाही.

24 डिसेंबर

अण्णा बसले. वॉकर, उतार, दांडी, फळी. मी मागे दोन हातांवर उभी होते. हात लावला नाही. बसल्यावर त्यांनी आधी घोडी चाचपून बघितली, मग पाणंदीकडे बघितलं. मला म्हणाले, "चाय ठेव."

पाच वाजून गेले होते.

11 जानेवारी 2025

पडवीच्या कडेने चिऱ्याचा बसका कट्टा पुरा झाला. झोपाळ्याच्या उजवीकडून सुरू होऊन काटकोनात वळतो. उंची 16 इंच, खोली 18. पाठीला तिरकी फळी. सरळ उभ्या भिंतीला टेकून माणूस अर्धा तास बसतो, पाठ जरा कलती मिळाली तर रात्र होईपर्यंत बसतो.

वर काथ्याच्या दोन इंची गाद्या टाकल्या, सुती खोळी. कापसाची गादी मऊ खरी, पण आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि कापूस ती हवा पिऊन श्रावणापर्यंत बुरशीला येतो. काथ्या वाऱ्यावर लगेच सुकतो. बसायला जरा राठ आहे, अण्णांच्या मित्रांची तक्रार आलीच.

फरशीचाही निकाल लागला. ओटीला जुना लाल कोबा आहे, तो तसाच. गुळगुळीत टाइल्स घालायचा आग्रह दोन-तीन जणांनी केला. ओल्या पायांनी टाइल्सवर काय होतं ते आम्ही जूनमध्ये न्हाणीत बघितलंय. शिवाय टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो, आणि कमी ऐकू येणाऱ्याला घुमणाऱ्या खोलीत शब्द वेगळे काढता येत नाहीत. पडवीत वॉकरच्या वाटेवर तीन फुटांचा पट्टा खरबरीत जांभ्याचा केला, बाकी जमीन शेणाने सारवलेली. कडेने काव लावून वहिनींनी किनार ओढली.

2 फेब्रुवारी

उजेड. ओटीवर एकच ट्यूबलाइट होती, पांढरीफटक, बरोबर बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. ती काढली. तीन पिवळे बल्ब लावले, 2700 केल्विनचे, टोप्या घालून, म्हणजे बल्ब दिसत नाही, उजेड तेवढा दिसतो. एक झोपाळ्याच्या मागे उजव्या खांद्यावरून येतो, पेपर वाचायला. पिवळ्या उजेडाला किडेही कमी येतात.

मंद उजेडात निवांत वाटतं असं आपण म्हणतो, पण ते तरुण डोळ्यांसाठी. म्हातारपणी बुबुळ पुरतं उघडत नाही, भिंग पिवळं पडतं, आत उजेड कमी पोचतो. म्हणून बसायच्या जागी सौम्य आणि चालायच्या वाटेवर चांगला लख्ख, असं ठेवलं. खोलीच्या उंबऱ्यापासून दांडीखालून छोट्या दिव्यांची पट्टी गेली आहे, ती रात्रभर चालू राहते. बटण पलंगावरून हाताला येतं. वीज गेली तर ती पट्टी आणि एक बल्ब इन्व्हर्टरवर.

17 मार्च, शिमगा

भाऊ सहकुटुंब मुंबईहून आला, आणि टेम्पोतून सोफासेट. अण्णांच्या ओटीला शोभेल असा म्हणून हप्त्यांवर घेतलेला. मला काहीच बोलवेना. दोन वर्षं तो तिथून पैसे पाठवतो, रात्री फोन करतो, आणि इथे नसल्याचं त्याला किती लागतं ते मला ठाऊक आहे.

सोफा ओटीवर मांडला. अण्णा कौतुकाने बसले. उठताना मात्र तीनदा प्रयत्न करून मागे पडले. बैठक खोल आणि खाली, हात गादीत रुततात. भावाने धावत जाऊन त्यांना धरलं. मग तो स्वतः बसला, हात न टेकता उठायचा प्रयत्न केला, आणि गप्प झाला. रात्री त्यानेच सोफा माजघरात टीव्हीसमोर नेला. मुलं त्यावर लोळतात, तिथे तो छान आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मी काय करू सांग." झोपाळ्याजवळ दिवसा अंधारून येतं, हे काम बाकी होतं. तो कौलांवर चढला. तीन कौलं काढून काचेची घातली. आम्ही दोघांनी आधी दिवसभर दोरीला कागद बांधून ऊन कुठे सरकतं ते बघितलं. दुपारचं ऊन कोब्यावर पडतं, अण्णांच्या डोक्यावर नाही, आणि सकाळचा उजेड पेपरवर.

काढलेल्यांतल्या एका कौलावर मागे बासेल मिशनचा शिक्का आणि 1865 साल आहे. ते कौल भाजल्याचं साल नाही, मंगळूरला त्या मिशनने कारखाना काढला त्याचं. आपली मंगलोरी कौलं ती तिथूनच सुरू झाली. भावाने ते धुऊन कट्ट्यावर ठेवलं. मुलगी त्यात पिठाची पणती लावते.

29 मार्च

खळ्यात उतरायला उतार. दीड फूट उंची, म्हणजे 18 फूट लांबी. सरळ काढला असता तर तुळशीवृंदावनाला भिडला असता, म्हणून भिंतीच्या कडेने नऊ फूट, मग वळायला चौकोनी सपाट जागा, मग उलट नऊ फूट. दोन्ही बाजूंना कठडा. पावसात यावर शेवाळ धरणार, म्हणून जून ते सप्टेंबर हा बंद. त्यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

12 एप्रिल, हनुमान जयंती

भजनी मंडळाचे बुवा आठवड्यापूर्वी सहज म्हणून आले होते. कट्ट्यावर बसले, पाठ टेकली, दोन तास बसले. जाताना म्हणाले, "जयंतीचो सराव हंयच करूया काय?" मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान वळवून पखवाजाकडे बघितलं. तो आतल्या खोलीत खुंटीला, वाद्या सैल पडलेल्या.

पखवाज नीट करून आणला. पण तो मांडी घालून, पुढ्यात घेऊन वाजवायचा, आणि मांडी आता त्यांना कायमची बंद आहे. मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी तिसरी घोडी केली, पखवाजाच्या पोटाएवढी अर्धगोल खाच, आत जुनी सतरंजी ठोकलेली. उंची झोपाळ्याच्या बैठकीला जुळवून.

आज रात्री मंडळी जमली. कट्ट्यावर नऊ, खळ्यात मांडवाखाली चटयांवर पंधरा-वीस. बायका पायरीवरच बसल्या, त्यांना तीच जागा आवडते, म्हणून पायरीवरही या वेळी गाद्या टाकल्या होत्या. मी वहिनींबरोबर चहा आणि खटखटे लाडू फिरवत होते. दोन अभंग दुसऱ्या पोराने वाजवले. मग बुवांनी पेटीवरून हात उचलला आणि वाट बघितली.

अण्णांनी धुमेला, पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावून घेतली, दोनदा ठोकली, मान हलवली, अजून थोडी लावली. मग वाजवायला घेतलं. लय संथ होती. डावा हात अडखळला, बुवांनी ओळ पुन्हा घेतली. तिसऱ्या चरणापासून मी काही ऐकलं नाही, कारण मला रडू येत होतं, आणि लाडवांचं ताट कोणाच्या तरी हातात द्यायचं होतं.

एकच अभंग. मग ते टेकून बसले आणि शेवटच्या आरतीपर्यंत बसून राहिले. मंडळी पावणेबाराला उठली.

27 एप्रिल

सावरीच्या शेंगा फुटल्या. कापूस गोळा करून बिया काढल्या, चार तक्के भरले. हा कापूस हलका आणि पाणी फारसं न धरणारा, पावसाळ्याला बरा. नाकातोंडात जातो, फडकं बांधूनच काम.

10 मे

घर भरलंय. सात मुलं, दोन मुंबईची भावंडं, आंब्याच्या अढीचा वास ओटीपर्यंत. दुपारी घोड्या काढून मुलांचे झोके, पाचच्या ठोक्याला त्यांतलाच एक जण न सांगता घोड्या लावतो, खिट्टी मारतो, आणि "अण्णा, झाला" म्हणून ओरडतो. खिट्टीवर मोठ्या माणसाने एकदा हात फिरवून घ्यायचा, हा नियम केला आहे.

22 मे

दोन दिवस धो-धो पाऊस. मे महिन्यात! मांडव 30 तारखेला काढणार होतो. आज भर पावसात काढला. झाप भिजून जड झाले होते, निम्मे कुजणार. कौलं परतायचंही याच आठवड्यात ठरलं होतं, ते राहिलं. पडवीच्या टोकाला तीन ठिकाणी गळतंय, त्यातलं एक नेमकं कट्ट्यावर. गाद्या उचलून माळ्यावर टाकल्या.

25 मे

हवामान खात्याने आज जाहीर केलं, मोसमी पाऊस महाराष्ट्रात आला, देवगडपर्यंत. केरळात कालच पोचला होता, तिथली नेहमीची तारीख 1 जून. उघडीप मिळाली तेवढ्यात दोन माणसं वर चढवून गळकी कौलं बदलली.

9 जून

मृग लागला. वाऱ्याने झड थेट कट्ट्यापर्यंत येते, हे मी उन्हाळ्यात बांधताना धरलं नव्हतं. तीन फूट जागा ओली राहते. बांबूच्या चिका आणून पडवीच्या कडेला सोडल्या, खालून दोरीने खांबांना बांधल्या. अण्णांच्या समोरची मात्र उघडी ठेवली, त्यांच्याच सांगण्यावरून. तिथे कट्टा दुपारपर्यंत ओलाच असतो, गुरुवारी मंडळी दुसऱ्या बाजूला सरकून बसतात.

14 जून

पहाटे जाग आली ती अण्णांच्या हाकेने. धडधडतच उठले. खोलीत गेले तर पलंग रिकामा, दांडीखालची दिव्यांची पट्टी चालू. ते झोपाळ्यावर बसले होते, कानटोपी घालून, वॉकर हाताशी. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं.

"सर इली गो," म्हणाले, "खळ्यातली लाकडां भिजतली."

लाकडं उचलून पडवीत रचली. काचेच्या डावीकडच्या कौलाखाली थेंब धरतोय, तो मेस्त्रींना दाखवायचा आहे.